टेपकाकांचं पाऊल

हायवेवर काम चालू असलं की नारिंगी कोनांची ती लांबलचक ओळ लागते ना, ती पहाटे आपोआप उगवते असं बहुतेक गाडीवाल्यांना वाटतं, भूछत्रं उगवतात तशी. कुणीतरी तो एकेक कोन हातानं मांडलाय, मोजून मांडलाय आणि संध्याकाळी तोच माणूस एकेक उचलून नेणार आहे, असलं कुणाच्या डोक्यात येतंय? भोंग्याच्याही कधी आलं नव्हतं. नऊ वर्षांपूर्वी तो मालाचा टेम्पो चालवायचा आणि कोनांची ओळ दिसली की त्याचं डोकं फिरायचं. आता इथं दहा मिनिटं मोडणार म्हणून तो आधी हॉर्न दाबायचा आणि मग पुढच्याच्या सात पिढ्या काढायचा. साइटवरच्या लोकांनी पुढे त्याचं नाव भोंग्या ठेवलं ते काही उगीच नाही.

त्या दिवशी मात्र त्याचा हात हॉर्नवर नव्हता, फोनवर होता. नवा फ्रिज घेताना दुकानदारानं आपल्याला कसं फसवलं, ही मेव्हण्याची कथा ऐन रंगात आली होती. ‘पुढे काम चालू आहे’ हा बोर्ड भोंग्यानं बघितला आणि सोडून दिला. ‘वेग कमी करा’ हा बोर्ड त्यानं बघितलाच नाही. तिसऱ्या बोर्डवरचा बाण दिसला तेव्हा लेन संपत आली होती आणि काचेवर कोन आदळायला लागले होते. चौदा कोन उडवून टेम्पो थांबला. मेव्हणा फोनवर अजून बोलतच होता.

आता मार बसणार, हे भोंग्यानं गृहीत धरलं. डांबराची फावडी घेऊन पाचसात जण धावत आलेसुद्धा. पण त्यांच्या मागून एक बुटका, पंचेचाळिशीचा माणूस सावकाश चालत आला आणि सगळे बाजूला झाले. अंगात चमकणाऱ्या पट्ट्यांचं जॅकेट, गळ्यात शिट्टी, पायात घासून लख्ख केलेले बूट. त्यानं आवाज चढवला नाही. कुणाला लागलंय का एवढं विचारलं, टेम्पोची किल्ली काढून स्वतःच्या खिशात टाकली आणि म्हणाला, “चल. आता आतून बघ.”

कोनांच्या आतल्या अंगानं त्या माणसानं भोंग्याला चालायला लावलं. कामाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत, आणि घाई नाही करायची. भोंग्याला आधी हसूच आलं. शाळेत वर्गाबाहेर उभं करतात तसली ही शिक्षा. वीसएक पावलं गेला असेल, तोच मागून एक कंटेनर आला. बाहेरून, गाडीत बसून, भोंग्यानं असे हजार कंटेनर बघितले होते. आतून तो कधी बघितला नव्हता. आधी पायाखालचा रस्ता थरथरला, मग शर्ट कुणीतरी मागून ओढावा तसा ओढला गेला, मग गरम हवेचा तडाखा कानफटात बसला आणि हातभर अंतरावरून चाकं गेली, त्याच्या छातीएवढी चाकं. शेजारचा कोन जागच्या जागी थडथडला आणि पुन्हा उभा राहिला. भोंग्या मटकन खालीच बसला.

आणि त्यानं मान वर करून बघितलं तर बाकीच्यांना काही पत्तासुद्धा नव्हता. तीसेक माणसं तिथं काम करत होती. कुणी डांबर पसरत होता, कुणी ओणवा होऊन दोरी धरत होता, एक जण रस्त्याच्या कडेला बसून शांतपणे डबा खात होता, आणि त्यातल्या निम्म्यांची पाठ त्या वाहत्या गाड्यांकडे होती. पाठ! या लोकांमध्ये आणि त्या चाकांमध्ये भिंत नव्हती, खांब नव्हता, काही नव्हतं. रबराच्या टोप्यांची एक ओळ होती, आणि त्या ओळीच्या भरवशावर ही माणसं घरच्या अंगणात वावरावं तशी वावरत होती. त्यातल्या चौदा टोप्या आपण एका फ्रिजच्या गोष्टीपायी उडवल्या, हे त्याला तेव्हा कळलं.

परत आल्यावर त्यानं किल्लीसाठी हात पुढे केला. शिव्या का नाही दिल्या, असं त्यानं विचारलं. तो बुटका माणूस म्हणाला, “शिव्या या कानातून जातात आणि त्या कानातून निघतात. चाललेलं तळपायात राहतं.”

तीन आठवड्यांनी भोंग्या त्याच साइटवर काम मागायला हजर. कोनांच्या पिकअपवरचा ड्रायव्हर नुकताच सोडून गेला होता. बायकोनं कपाळावर हात मारून घेतला, चांगला स्वतःच्या मर्जीचा धंदा सोडून हा रस्त्यावर टोप्या मांडायला निघाला म्हणून. पण भोंग्याचं ठरलं होतं. तो माणूस कोण आहे, हे त्याला कळून घ्यायचं होतं.

त्या माणसाला सगळे टेपकाका म्हणत. खरं नाव हजेरीच्या वहीत असेल तेवढंच. काकांकडे टेप नव्हती, आणि म्हणूनच ते टेपकाका. अंतर ते पावलांनी मोजायचे. दहा पावलांवर एक कोन. लेन बंद होते तिथली ती तिरकी ओळ वीस कोनांची, म्हणजे दोनशे पावलं. तिच्या मागे सहाशे पावलांवर पहिला बोर्ड, चारशेवर दुसरा, दोनशेवर बाण. हसू येतं ना ऐकून? एका जुन्या साहेबालाही आलं होतं. त्यानं सगळ्यांसमोर काकांना शंभर पावलं टाकायला लावली आणि मागून पोलादी टेप लावली. पाऊण मीटरचं पाऊल, शंभर पावलं, पंचाहत्तर मीटर भरायला हवे. फरक पडला चार बोटांचा. साहेबानं दुसऱ्यांदा मोजलं आणि मग म्हणाला की ही चार बोटं टेपचीच असतील.

हे पाऊल काही देवाघरून आलं नव्हतं. काका विशीत होते तेव्हा रस्त्याची आखणी करणाऱ्या एका मोजणीदाराच्या हाताखाली लागले. तो मोजणीदार मोठा कडक माणूस. त्यानं अंगणात खडूनं पाऊण पाऊण मीटरवर रेघा मारल्या आणि या पोराला रोज सकाळी त्यांवरून चालायला लावलं, सहा महिने. रेघेवर टाच पडली नाही की परत पहिल्यापासून. सहा महिन्यांनी रेघा पुसल्या, पण काकांच्या पायातून त्या गेल्या नाहीत. चढ असो, उतार असो, ऊन असो, अंगात ताप असो, पाऊल तेवढंच. बाजारात भाजी आणायला गेले तरी तेवढंच, त्यामुळे त्यांच्या बरोबरीनं चालताना माणसाची फरफट व्हायची.

नऊ वर्षं भोंग्या रोज सकाळी हे पाऊल काचेतून बघत आला. कामाची पद्धतच तशी होती. काका पुढे चालणार आणि पिकअप त्यांच्या पाठीशी, पिवळा दिवा फिरवत, पहिल्या गिअरमध्ये. मागून कुणी डोळे मिटून आलाच तर आधी पिकअपवर आदळावा, काकांवर नाही. पुढच्या बंपरवर जोडलेल्या लोखंडी जाळीतून काका एक कोन उचलायचे, दहा पावलं, ठेवला. वळून दुसरा, दहा पावलं, ठेवला. शेजारून ऐंशीच्या वेगानं गाड्या जातायत आणि हा माणूस ओठ न हलवता मोजतोय. एवढा धीर आणि एवढी शिस्त एका बुटक्या माणसात कशी मावते, याचं नवल नऊ वर्षांत भोंग्याला कमी झालं नाही. देवळात जाऊन त्याचे हात जोडले जात नसत, पण पहाटे काकांची पाठ बघितली की आतून काहीतरी वाकायचं.

स्वतः भोंग्या तर पार बदलला. पहिला बोर्ड दिसला की त्याचा पाय वेगावरून निघालाच, मग पुढे काम दिसो न दिसो. फोन खणात. पुढच्या गाडीपासून नेहमीच्या दुप्पट अंतर. लेन बंद होणार हे कळलं की शेवटच्या कोनापर्यंत घुसत जायचं नाही, आधीच शहाण्यासारखं रांगेत यायचं. झेंडा धरून उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांत बघायचं, झेंड्याकडे नाही. डोळ्याला डोळा भिडला म्हणजे त्यालाही कळतं की आपण त्याला पाहिलंय. बायको म्हणायची, बैलगाडी बरी. भोंग्या म्हणायचा, बरीच.

तर अशा या माणसाचा गुडघा गेला. पिकअपच्या फळीवरून उतरताना पाय घसरला, गुडघा भोपळ्याएवढा सुजला आणि काका सव्वा महिना घरी बसले. तेवढे दिवस इंजिनिअर मॅडमनी गोदामातून मोजायचं चाक आणवलं. दांड्याच्या टोकाला चाक, ढकलत न्यायचं, आकडा फिरतो. काम चोख झालं. पण काका परत आले त्या सकाळी सगळ्यांनी त्यांना खांद्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं होतं, आणि चाक कुणीही न सांगता गोदामात गेलं. काका थोडे लंगडत होते. ते सगळ्यांना दिसलं. त्यापलीकडे काही बघायचं असतं, हे कुणाच्या मनातही आलं नाही.

काकांची मुलगी त्याच साइटवर रोलर चालवायची. आईविना वाढलेली, बापासारखीच मोजकं बोलणारी. भोंग्याला ती दादा म्हणायची. तिचा रोलर बहुतेक वेळा तिरकी ओळ संपते तिथूनच पुढे मागे करायचा, म्हणजे कुणी कोन फोडून आत आलाच तर पहिली गाठ तिच्याशी. कानांवर आवाज अडवणाऱ्या वाट्या असायच्या, त्यामुळे मागून काही आलं तरी तिला ऐकू येणार नव्हतं. तिला त्याची भीती नव्हती. कोन बाबांनी मांडलेत म्हटल्यावर मागे वळून काय बघायचं?

काका परतून दोन आठवडे झाले असतील. एका सोमवारी भोंग्या, काका परतल्यापासून पहिल्यांदाच, डिझेलचे कॅन घेऊन आत शिरत होता. दोन कोनांच्या मधून पिकअप आत घालायची, ही त्याची खास कला. न थांबता, एका वळणात, दोन्हीकडे सारखी जागा सोडून. नऊ वर्षांत एक कोन त्याच्याकडून हलला नव्हता. त्या दिवशी मागच्या चाकानं कोन खाली पाडला. लोक हसले, भोंग्याही हसला. मंगळवारी पुन्हा पाडला, तेव्हा एकटा भोंग्या हसला नाही. त्यानं स्टीअरिंग तपासून घेतलं. मेकॅनिक म्हणाला गाडीत काही खोट नाही, खोट असलीच तर ड्रायव्हरच्या डोळ्यांत. रात्रभर भोंग्या या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिला. गाडी तीच, वळण तेच, हात तोच. मग कमी काय झालं असेल?

बुधवारी दुपारी सगळे जेवायला बसल्यावर त्यानं मेकॅनिकची खिशातली टेप मागून घेतली आणि दोन कोनांमध्ये लावली. साडेसात मीटर हवे होते. साडेसहा भरले. त्यानं पुढच्या दोघांमध्ये लावली, तिथंही तेच. भोंग्यानं तिथंच हिशोब केला. दहा पावलांत एक मीटर, तर सहाशे पावलांत साठ. ऐंशीच्या वेगानं येणाऱ्या गाडीला साठ मीटर म्हणजे एक जांभई. ती जांभई काकांनी नऊच काय, तीस वर्षं लोकांना मोकळी ठेवली होती, आणि आता ती उरलेली नव्हती. ओठ न हलवता मोजणारे काका, त्यांचं पाऊल गुडघ्यानं चार-पाच बोटं खाल्लं होतं, आणि नऊ वर्षं काचेतून तेच बघत बसलेल्या माणसाला ते दिसलं नव्हतं.

आता सांगायचं कुणी? मॅडमना सांगितलं तर काकांच्या पाठीमागे चहाडी केल्यासारखं होईल. म्हणून त्या संध्याकाळी टेप खिशात घालून तो काकांच्या घरी गेला. दोन खोल्या, दारात वर्तमानपत्रावर बूट, शेजारी पॉलिशची डबी. काका खुशीत होते. त्यांनी लेंगा वर करून गुडघा वाकवून दाखवला, बघ, आता टाचेपर्यंत येतो. घरी बसून गंजत चाललो होतो, म्हणाले, पाय चालतोय तोवर माणूस आहे. मुलीनं चहा आणला. भोंग्यानं चहा प्याला, गुडघ्याचं कौतुक केलं आणि टेप खिशात तशीच घेऊन परत आला. गुरुवारीही तो मूग गिळून गप्प राहिला. उद्या सांगू, निवांत सांगू, नीट शब्द जुळवून सांगू. स्वतःच्या मनाला त्यानं असल्या बऱ्याच थापा मारल्या.

शुक्रवारी दुपारी बाराच्या सुमाराला दुधाचा टँकर आला.

भोंग्यानं तो पिकअपमधूनच बघितला. आधी चाकांचा किंचाळल्यासारखा आवाज, लांबच लांब, संपायला तयार नाही. मग तिरक्या ओळीतले कोन एकामागून एक हवेत. टँकर आडवा होतोय असं वाटलं, पण झाला नाही, सरळच घसरत आला आणि थांबला. टँकरच्या तोंडापासून रोलर किती लांब होता? भोंग्यानं नंतर मोजलं, सहा मीटर. काकांची मुलगी पाठमोरी, कानांवर वाट्या, तिला काही गंधच नव्हता. एक कोन गडगडत येऊन रोलरला लागला तेव्हा तिनं मागे वळून बघितलं. मग तिनं रोलर बंद केला, खाली उतरली आणि रोलरच्या चाकाला टेकून उभी राहिली. भोंग्याला तिच्याकडे बघवेना.

फावडी घेऊन लोक धावले. टँकरवाला खाली उतरला, पोरगेलासा नव्हता, चांगला केस पिकलेला गृहस्थ. त्याचे हात जोडलेले होते. काका लंगडत आले. मुलीकडे एकदा बघून घेतलं, ती उभी आहे हे बघितलं, आणि मग लोकांना म्हणाले की मारायचं नाही, चालायचं. ठरलेलंच होतं ते. टँकरवाल्यानं मान हलवली. चालतो, म्हणाला, म्हणाल तेवढं चालतो. पण बोर्ड दिसल्याबरोबर पाय काढला होता हो, दुसऱ्या बोर्डपाशी ब्रेक दाबला, गाडी भरलेली आहे, थांबेना.

लोक कुत्सित हसले. आजवर पकडलेला प्रत्येक जण हेच म्हणाला होता, स्वतः भोंग्यासकट. काकाही वळले होते. पण मग ते थांबले आणि टँकरच्या मागे, रस्त्यावरच्या काळ्या खुणा बघत मागे मागे चालत गेले. फोनवर बोलणाऱ्याचे ब्रेक कुठे उमटतात हे त्यांना पाठ होतं, अगदी कोनांच्या तोंडाशी. डुलकी लागलेल्याचे तर कोन उडाल्यावर. या खुणा दुसऱ्या बोर्डपासून निघाल्या होत्या. तिथं ब्रेक दाबणारा माणूस, गाडी भरलेली असली तरी, कोनांपर्यंत पोचतच नाही. तीस वर्षांत एकही पोचला नव्हता.

काका परत आले तेव्हा त्यांचा चेहरा भोंग्यानं कधी न बघितलेला होता. त्यांनी दोन कोनांच्या मधल्या जागेकडे बघितलं, मग स्वतःच्या पायांकडे.

“कुणीतरी टेप आणा,” ते म्हणाले.

मेकॅनिक खिसे चाचपायला लागला. आणि भोंग्याचा हात, त्याला न विचारता, स्वतःच्या जॅकेटच्या खिशात गेला आणि टेप घेऊन बाहेर आला. मग तो तसाच पुढे राहिला. ड्रायव्हरच्या खिशात टेप कशाला, हे विचारायची गरज काकांना पडली नाही. त्यांनी टेप घेतली, त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि विचारलं, “कधीपासून?”

“परवापासून,” भोंग्या म्हणाला.

काकांनी दुसरं टोक टँकरवाल्याच्याच हातात दिलं आणि न पडलेल्या दोन कोनांमध्ये टेप धरली. साडेसहा. आकडा त्यांनी स्वतःच्या तोंडानं, सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचला. मग डोक्यावरचं हेल्मेट काढलं. ज्या माणसापुढे साहेब लोक आवाज खाली करत, तो माणूस हेल्मेट हातात धरून एका अनोळखी टँकरवाल्यापुढे उभा राहिला. म्हणाले, “चूक तुमची नाही. जागा मी कमी दिली.” मोठेपणा म्हणतात तो हा, असं भोंग्याला वाटलं, आणि त्या मोठेपणाच्या शेजारी उभं राहायची त्याला लाज वाटली.

मॅडम चाक घेऊन आल्या होत्या. बोर्ड मागे सरकवले, कोनांची सगळी ओळ चाकानं साडेसात मीटर मोजून नव्यानं मांडली, वाहतूक सुरू झाली. मग काका कोनांच्या आत शिरले आणि चालायला लागले. एकटे, या टोकापासून त्या टोकाकडे. टँकरवाल्याचे डोळे भरून आले, त्यानं पुढे होऊन त्यांना अडवायला बघितलं. काका त्याला म्हणाले की तुम्ही जा, दूध नासेल. पुढे दोन पावलं टाकून ते न वळता म्हणाले, “भोंग्या. तू पण.”

भोंग्या त्यांच्या मागे निघाला. नऊ वर्षांनी दुसऱ्यांदा. शेजारून कंटेनर गेला, शर्ट ओढला गेला, तडाखा बसला, कोन थडथडला, सगळं तेच. नवीन एवढंच होतं की आज मधे काच नव्हती आणि काकांचे पाय त्याच्यासमोर होते. उजवं पाऊल पडलं की डावं घाबरत पडत होतं. काका आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं मोजत होते. दहा म्हणाले आणि थांबले, तर कोन अजून पुढे होता. तिथून अकरा, आणि मग अर्धं पाऊल. पुढच्या कोनाला पुन्हा तसंच. प्रत्येक दहाला ते थांबत होते, कोन अजून पुढेच आहे हे बघत होते आणि मग उरलेलं अंतर चालत होते. चाळीस कोन होते. एकही त्यांनी गाळला नाही. भोंग्याला रडू फुटलं ते गाड्यांच्या आवाजात कुणाला ऐकू आलं नाही हे बरं झालं.

परत येताना रोलरपाशी काकांची मुलगी उभी होती. बापाला तिनं पाण्याची बाटली दिली. भोंग्याला दिली नाही. तो जवळून जायला लागला तेव्हा ती हळूच म्हणाली, “दादा, परवा पण मी इथंच होते. आणि काल पण.”



मोजायचं चाक त्या दिवसापासून गोदामात गेलं नाही. पण काकांनी कामही सोडलं नाही. घराच्या अंगणात मुलीनं खडूनं रेघा मारून दिल्या आणि पंचावन्न वर्षांचा तो माणूस सकाळी कामावर निघायच्या आधी त्यांवरून चालायला लागला, विशीतल्यासारखा. आता रेघा पाऊण मीटरच्या नव्हत्या, नव्या पावलाच्या होत्या. साडेअकरा पावलांना एक कोन. काका पुढे मोजतात, मागून पिकअपच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून भोंग्या मोठ्यानं मोजतो, आणि त्यांच्या मागे चाक फिरतं. तिघांचं जुळलं तरच कोन टेकतो. भोंग्या पुन्हा भोंग्या झाला, असं लोक म्हणतात.

पुढच्या आठवड्याच्या शेवटी तो डिझेल घेऊन आत शिरला. दोन कोनांमधून पिकअप एका वळणात आत आली, दोन्हीकडे सारखी जागा सोडून, आणि एकही कोन हलला नाही. तरी तो खाली उतरला आणि टेप लावून बघितली.